राधानगरीच्या जलाशयाकाठी माउंटन बाइक: घरातून निघण्याआधीपासून परत येईपर्यंत

पाऊस उघडला की कोल्हापुरातले सायकलवाले राधानगरी-दाजीपूरची आखणी सुरू करतात, आणि बहुतेक वेळा ती उलट्या टोकाने सुरू होते. आधी तारीख ठरते, मग कोणाची सायकल कोणती यावर तासभर चर्चा होते, मग पहाटे रंकाळ्यावर जमायचं ठरतं. परवानगी, पाणी आणि परतीची वेळ या गोष्टी वाटेत बघू म्हणून सोडून दिल्या जातात. परिणाम ठरलेला. हळदी, परिते, सरवडे करत पन्नासेक किलोमीटर डांबर तुडवून मंडळी धरणाजवळ पोचतात तेव्हा नऊ-साडेनऊ झालेले असतात, पाय निम्मे संपलेले असतात, आणि खरी कच्ची वाट तिथून सुरू होते.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. खाली दिलेला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे, म्हणून मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: वाट कुणाच्या जमिनीतून जाते ते आधी बघा

या भागात तीन प्रकारच्या वाटा आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली, सार्वजनिक रस्ता. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता असा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. पण ही सवलत त्या रस्त्यापुरतीच. रस्ता सोडून डावी-उजवीकडच्या जंगलवाटेला चाक लावलं की ती संपली.

दुसरी, गावाच्या आणि मालकीच्या जमिनीतल्या वाटा. वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, शेताकडच्या पायवाटा. इथे विचारून जायचं. भाताच्या बांधावरून सायकल कधीच घालू नका. टायरने कडा ढासळते आणि पुढच्या पावसात खाचरातलं पाणी तिथूनच फुटतं.

तिसरी, अभयारण्याच्या आतल्या वाटा. राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि जलाशयाच्या काठचा मोठा भाग त्यातच येतो. जीप आत जाते म्हणजे सायकलही जाते असं धरून चालू नका. गव्यांच्या जंगलात उघड्या वाहनावर माणूस सोडायचा की नाही हा वनखात्याचा निर्णय आहे, आणि तो हंगामाप्रमाणे बदलू शकतो. निघण्याच्या आठवडाभर आधी राधानगरीच्या वन्यजीव कार्यालयात जाऊन किंवा फोन करून नेमकी वाट सांगा आणि उत्तर घ्या. "नाही" म्हणाले तर ती वाट नकाशावरून पुसा. आतल्या वाटेचा हट्ट धरण्यासारखं काही नाही. सार्वजनिक रस्ता आणि गावकऱ्यांच्या गाडीवाटा मिळून दोन दिवस पुरेल एवढं पाणी, चढ आणि जांभा तुम्हाला मिळतो.

> तपासा: ठरवलेल्या वाटेचा प्रत्येक तुकडा वरच्या तीनपैकी कशात बसतो हे तुम्हाला सांगता येतं का? एक तुकडा जरी सांगता आला नाही, तरी टप्पा २ वर जाऊ नका.

पहिल्यांदाच कच्च्या वाटेवर जाणाऱ्यांनी दाजीपूरऐवजी धामोडजवळच्या तुळशी तलावापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गावं जवळ आहेत आणि काही बिघडलं तर गाडी लवकर पोचते. तिथे एक दिवस नीट काढता आला की मग राधानगरी.

टप्पा २: महिना निवडा, मग दिवस

जून ते सप्टेंबर सोडून द्या. धुवाधार पाऊस, जळवा, फुगलेले ओढे, आणि ओल्या जांभ्यावर शेवाळाचा थर. ऑक्टोबर वरून सुंदर दिसतो, पण गवत कमरेएवढं असतं आणि त्याखालचा दगड, खड्डा किंवा साप दिसत नाही. मार्चनंतर ऊन आणि वणवे, एप्रिल-मे मध्ये करवंदं-जांभळं पिकली की अस्वलंही जाळीत असतात. उरले नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे तीन-साडेतीन महिने. माझी पसंती डिसेंबर-जानेवारीला.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. दाजीपूरच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढतात आणि वळणावर सायकल त्यांना दिसत नाही.

टप्पा ३: नकाशा, आणि परतीपासून उलटी मोजणी

जलाशयाकाठच्या वाटेची एक खोड डोंगरातल्या वाटेला नसते: काठ हलतो. पावसाळ्याच्या शेवटी तलाव काठोकाठ असतो आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी कितीतरी मागे सरकतं. मोबाइलवरच्या उपग्रह चित्रात काठाने जाणारी जी सुरेख वाट दिसते, ते चित्र बहुधा उन्हाळ्यातलं असतं. नोव्हेंबरात तिथे पोचलात तर ती वाट पाण्याखाली असते, आणि मग मंडळी वरच्या झाडीतून "शॉर्टकट" काढतात. नेमका तोच भाग अभयारण्याचा असतो. म्हणून काठाला अगदी चिकटून जाणारी वाट आखूच नका. वरच्या अंगाची, गावाला जोडणारी वाट घ्या.

फेरा मारून येण्यापेक्षा गेल्या वाटेनेच परतणं पहिल्या दोन-तीन वेळा चांगलं. ओढा कुठे आहे, निसरडा उतार कुठे आहे, पाणी कुठल्या घरी मिळतं हे जाताना कळलेलं असतं. फेऱ्यात शेवटचा तुकडा अनोळखी असतो आणि तो नेमका सर्वांत दमलेल्या वेळी येतो.

आता मोजणी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या थोडं पुढे मावळतो, पण दाट झाडीत साडेपाचलाच अंधारून येतं. सायकलवाला वाटेवरून दुपारी साडेतीनपर्यंत बाहेर हवा; चार वाजल्यानंतर गवे उघड्यावर चरायला आणि पाण्यावर यायला लागतात. सकाळीही ऊन जमिनीवर उतरल्याशिवाय निघू नये, म्हणजे आठ. आठ ते साडेतीन, साडेसात तास हातात. त्यातला दीड तास बिघाड, रस्ता चुकणं आणि दमलेल्या गड्यासाठी बाजूला काढा. उरले सहा.

कच्च्या चढउतारावर सवयीचा सायकलवाला सुद्धा थांब्यांसकट तासाला सहा-सात किलोमीटर जातो. डांबरावर तुम्ही पंचवीसने जात असाल, तो आकडा इथे उपयोगाचा नाही. सहा तासांत चाळीसेक किलोमीटर ही वरची हद्द झाली. पहिल्या वेळी जाऊन-येऊन २४ किलोमीटर आखा. आणि वळायची वेळ कागदावर लिहा: साडेअकरा. साडेअकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग ठरलेलं टोक समोर दिसत असलं तरी.

> चूक: "अजून दोनच किलोमीटर" म्हणत वळायची वेळ पुढे ढकलणं. जाताना उतार असेल तर तेच दोन किलोमीटर येताना चढ होतात आणि पाऊण तास खातात.

टप्पा ४: सायकल, आठ दिवस आधी

आदल्या संध्याकाळी सायकल दुकानात टाकू नका. बिघाड सापडला तर सुटा भाग मिळवायला वेळ हवा. पुढचा क्रमही महत्त्वाचा आहे.

*टायर.* रुंदी २.१ इंच किंवा जास्त, दाते शाबूत. शहरात लोक टायर दगडासारखा टणक भरतात. तसा टायर जांभ्याच्या खड्यांवर उडतो आणि वळणावर घसरतो. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असेल तर ३० ते ३५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर २५ च्या आसपास ठेवावं. ट्यूबलेसमधलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवा, आत द्रव हलल्याचा आवाज आला नाही तर नवीन भरा.

*ब्रेक.* डिस्क पॅडवरचा थर एक मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदला. सायकल भाड्याची किंवा उसनी असेल तर आणखी एक गोष्ट: कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा आहे ते बघा. आपल्याकडे बहुधा उजवा असतो, पण सगळ्या सायकलींना नाही. तीव्र उतारावर हे कळणं म्हणजे हँडलवरून पुढे पडणं.

*चेन आणि गिअर.* चढावर जोर लावून सर्वांत हलक्या गिअरवर टाकून बघा. चेन स्पोकमध्ये पडत असेल तर मागचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो भाग, वाकलेला असू शकतो. हा अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, राधानगरीत ऐनवेळी मिळणार नाही. आपल्या सायकलचा एक जादा हँगर पिशवीत कायमचा ठेवा. चेनला जाड तेल चोपडू नका. तांबडी धूळ त्यावर बसते आणि दुपारपर्यंत त्याचा लाल लगदा होऊन गिअर अडकायला लागतात. पातळ कोरडं वंगण, दोन थेंब प्रत्येक कडीला, आणि मग फडक्याने बाहेरून पुसून घ्यायचं.

*सुटे बोल्ट.* स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), हँडल, पेडल, बाटलीचा स्टँड. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल फिरवून बघा, सरकता कामा नये.

> तपासा: निघण्याच्या तीन दिवस आधी भरलेल्या पिशवीसकट कोल्हापूरजवळच्या गिरगावच्या माळासारख्या कच्च्या उतारावर तासभर फिरवा. खडखडाट तिथेच ऐकू येऊ दे.

टप्पा ५: पाठीवर काय, आणि किती

पाणी माणशी तीन लिटर. अर्धं सायकलवर, अर्धं पाठीवर, म्हणजे पडल्यावर एक बाटली फुटली तरी दुसरं पाणी राहतं. तलाव समोर आहे म्हणून पाणी कमी नेण्याची चूक फार जण करतात. ते पाणी उकळल्याशिवाय किंवा फिल्टर केल्याशिवाय पिऊ नका, जनावरं त्यातच बसतात. सोबत ओआरएसची दोन पाकिटं.

खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी. तांबडा-पांढरा परत आल्यावर. आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी चढाला लागलेला माणूस दहा वाजता सावली शोधतो.

दुरुस्तीसाठी: दोन ट्यूब (ट्यूबलेस असली तरी एक), पंक्चर पॅच, टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायचं हत्यार, चेनची जोडकडी, अॅलन कीचा संच, हँगर, चार-पाच झिप टाय. एक कापसाचा बोळाही घ्या, त्याचं काम पुढे येतं.

अंगावर: हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, घोट्याच्या वर येणारे मोजे. अत्तर आणि वासाचा स्प्रे नको. इथल्या कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात.

मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि वाटेवर फ्लाइट मोड लावा. जीपीएस तरीही चालतं. रेंज नसलेल्या भागात फोन रेंज शोधत राहिला की दुपारी दोनलाच बॅटरी संपते.

टप्पा ६: आदली रात्र राधानगरीतच

सायकली टेम्पोत किंवा गाडीवर टाकून आदल्या संध्याकाळी राधानगरी गाठा. कोल्हापूरपासून सायकल मारत येण्यात कष्ट आहेतच, पण गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, आणि पहाटेच्या धुक्यात मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही.

गाडीत सायकल आडवी ठेवायची तर गिअरची बाजू वर. चाक काढलं तर ब्रेकच्या दोन पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, नाहीतर ब्रेक दाबला जाऊन पॅड चिकटतात.

रात्री झोपण्याआधी दोघांना वाट सांगा: घरच्या एकाला आणि राधानगरीतल्या मुक्कामाच्या मालकाला. कुठून जाणार, साडेअकराला कुठून वळणार, आणि पाच वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. कागदावर लिहून द्या.

टप्पा ७: वाटेवर

किमान चौघे, जास्तीत जास्त सहा. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दुरुस्ती येणारा, आणि सर्वांत हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर. त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं. ग्रुप फुटतो तो फाट्यावरच.

पहिल्या वस्तीवर उतरा आणि विचारा. इथल्या म्हाताऱ्या माणसाने "पावणं, वड्याकडनं नगा जाऊ, सकाळधरनं कळप बसलाय तितं" म्हटलं तर तो सल्ला नकाशापेक्षा वरचा. त्या दिवसाची वाट त्याप्रमाणे बदला.

*चढ.* हलका गिअर चढ लागण्याआधी टाका. सैल खड्यांवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, छाती हँडलकडे झुकवून चढा. दम लागला तर उतरून ढकला.

*उतार.* सीट चार-पाच सेंटीमीटर खाली करा. पेडल आडवे, वजन मागे, एकेक बोट ब्रेकवर. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. जांभ्याचे बारीक गोल खडे सपाट कातळावर पसरलेले दिसले तर त्यावर पुढचा ब्रेक दाबायचाच नाही.

*ओढा.* तळ दिसत नसेल तर उतरून पायाने अंदाज घ्या. गुडघ्यावर पाणी असेल तर परत फिरा. ओलांडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून डिस्क कोरडी करा.

*तलावाचा उघडा तळ.* फेब्रुवारीकडे पाणी मागे गेलं की काठाला सपाट, भेगा पडलेली जमीन दिसते आणि प्रत्येकाला त्यावर सायकल पळवावीशी वाटते. वरची खपली बोटभर जाडीची असते, खाली लोणीगाळ. कडेला चाक तरतं, पण दहा-बारा फूट आत गेल्यावर हबपर्यंत (चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत) रुततं आणि काढायला गेलेला माणूस मांडीपर्यंत जातो. जिथे गुरांच्या खुरांचे ठसे कोरडे आणि उथळ आहेत, त्याच्या पलीकडे जाऊ नका.

*पंक्चर.* ट्यूब बदलण्याआधी काटा शोधा. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. करवंदीचा मोडलेला काटा डोळ्याला दिसत नाही, पण कापूस त्याला अडकतो. काटा न काढता घातलेली नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते.

टप्पा ८: गवा समोर आला तर

सायकलचा धोका तिच्या आवाज न होण्यात आहे. चालणाऱ्या माणसाची चाहूल गव्याला लांबून लागते. सायकल उतारावरून गुपचूप येते आणि वळणावर दहा पावलांवर उभी राहते. दचकलेला गवा पळतो किंवा अंगावर येतो, आणि मोठा नर हजार किलोच्या घरात भरतो. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वेग कमी करून मोठ्याने बोला किंवा घंटी वाजवा. स्पीकरवर गाणी नकोत. त्यात तुम्हालाच झाडीतली मोडतोड ऐकू येत नाही.

दिसलाच तर हा क्रम:

१. थांबा. मागच्याला हात वर करून थांबवा. ओरडू नका.

२. सायकलवरून उतरा, सायकल स्वतःच्या आणि गव्याच्या मध्ये धरा, सगळे एकत्र या.

३. त्याला जायला कुठली बाजू मोकळी आहे ते बघा आणि ती अडवू नका. पिल्लू एका बाजूला आणि कळप दुसऱ्या बाजूला असेल तर तुम्ही मध्ये आहात. ताबडतोब आल्या दिशेने मागे व्हा.

४. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. शंभर मीटर अंतर झाल्यावर थांबा आणि त्याला वेळ द्या. अर्धा तास गेला तरी चालेल.

५. फुरफुरणं, मान खाली घालून डोकं हलवणं, अंगाची बाजू दाखवत ताठ चालणं ही इशाऱ्याची लक्षणं. अशा वेळी सायकल तिथेच टाकून जाड झाडाच्या आड जा.

> चूक: फोटोसाठी जवळ जाणं. कळपापेक्षा एकटा फिरणारा नर जास्त बेभरवशाचा. तो शांत चरतोय म्हणून तुम्हाला परवानगी मिळाली असं होत नाही.

गव्याने वाट सोडलीच नाही तर साडेअकराची वाट न बघता तिथूनच परत.

टप्पा ९: अपघात झाला तर

आधी जखमी माणूस, मग सायकल. डोक्याला मार लागला असेल, उलटी होत असेल किंवा तो तेच तेच विचारत असेल तर त्याला परत सायकलवर बसवू नका. एक जण त्याच्याजवळ, दोघे मिळून जवळच्या वस्तीकडे. एकट्याला कधीच पाठवू नका. रेंज मिळाली की १०८. गंभीर असेल तर राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार करून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं, म्हणून तुमची गाडी आणि चालवणारा माणूस राधानगरीत तयार असलेला बरा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) दगडांत फुरसं असतं; जांभ्याच्या फटीत हात घालून टेकण्याची सवय सोडा. चावलेला हात-पाय काठीला बांधून हलू न देता, माणसाला न चालवता दवाखाना गाठा.

टप्पा १०: परतल्यावर

आधी ज्या दोघांना वाट सांगितली होती त्यांना फोन. हे विसरलं जातं आणि तिकडे लोक शोधायला निघतात.

कचरा मोजून पिशवीत परत आला पाहिजे, फाटकी ट्यूब आणि केळ्याची सालंसुद्धा. अभयारण्यात कचरा टाकणं कायद्याने गुन्हा आहे आणि कलम ३० प्रमाणे आग लावणंही. चहासाठी तीन दगडांची चूल मांडू नका. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं.

सायकल राधानगरी सोडण्याआधी धुवा, कोल्हापुरात येऊन नाही. टायरच्या दात्यांत आणि डिरेलरच्या फटींत रानमोडी या तणाचं बी अडकतं आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही ते दुसऱ्या डोंगरावर पेरून येता. ब्रशने दाते साफ करा, पाण्याचा जोराचा फवारा हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाच्या जागेवर) मारू नका, चेन कोरडी करून वंगण द्या. मोजे आणि बुटाच्या लेसही झटका, अर्धं बी तिथेच असतं.

मग नकाशा उघडून त्याच संध्याकाळी तीन खुणा करा: पाणी कुठे मिळालं, रेंज कुठे आली, वाट कुठे पाण्याखाली होती. शेवटच्या खुणेपुढे महिना लिहा.